गल्लीतील काही क्लासेस

१६ जून २०२५, सोमवार

शाळा सुरू झाल्या. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. वह्या, कंपास, कव्हरं, डबे — आणि प्रत्येक आईचा एकच प्रश्न, "पुस्तकं शाळेतून मिळणारेत का हो, की घ्यायची?" मला काय ठाऊक! मी सरकार आहे का? मध्ये पुस्तकातच कोरी पानं घातली होती, वही लागणार नाही म्हणे. मग ती काढली. ज्या साहेबाला ही कल्पना सुचली त्याने आयुष्यात कधी पोराचं दप्तर उचलून बघितलं नसणार.

एका बाईंना हे सगळं समजावून सांगितलं. त्या वही न घेताच गेल्या. अनवरी म्हणाली, "मनालचे अब्बा, गिऱ्हाईक वही घ्यायला येतं, भाषण ऐकायला नाही. एवढंच पोटात दुखतंय तर लिहून काढा." बायको म्हणजे बायको. घेतली एक वही.

आजपासून मनालचा क्लासही सुरू झाला. दुकानाच्या वरच्या खोलीत — आठवी ते दहावी, गणित आणि इंग्रजी. पोरगी बी.एड. झाली, शिक्षक भरतीची परीक्षाही चांगल्या मार्कांनी पास झाली, आणि आता यादी कधी लागते याची वाट बघतेय. मी म्हटलं, बसून राहू नकोस. खोली आहे, फळा आहे, पोरं गावात आहेत. तुला शिकवता येत असेल तर येतील, नसेल तर नाही येणार. याहून स्वच्छ परीक्षा कोणती!

म्हणाली, "अब्बा, नेमणूक येईपर्यंत क्लास. त्याचं तत्त्वज्ञान करू नका."

१९ जून, गुरुवार

मनालशी वाजलं. मुद्दा जुनाच.

मी म्हटलं, सरकारने शाळा चालवूच नयेत. एका पोरामागे सरकार जे काही खर्च करतं ते आईबापाच्या हातात द्या आणि बाजूला व्हा. टोमॅटो कोणत्या आडत्याकडे न्यायचे हे शेतकऱ्याला कळतं, मग पोरगं कोणत्या शाळेत घालायचं हे कळत नाही? तिथेच कसा तो अडाणी होतो?

"आणि भीमाशंकरच्या डोंगरातल्या वाडीत?" ती म्हणाली. "पाच घरं, सहा पोरं. तिथं कुठला आडत्या शाळा काढणार, अब्बा?"

"जीप लावेल कोणीतरी."

"पावसाळ्यात? ओढ्यातून?"

मी म्हटलं, मागणी असली की पूलसुद्धा होतो. हे जरा जास्तच झालं, मला कळलं. पण मागे कसा येणार! मग तिने ठेवणीतला बाण काढला — "मला झेडपीच्या शाळेने शिकवलंय. फुकट." मी म्हटलं फुकट नव्हे, मी कर भरलाय! अनवरीने भाकरीचं टोपलं आपटलं. "जेवताना तरी सरकारला उंबऱ्याबाहेर ठेवा."

खरं सांगायचं तर माझं दुखणं वेगळं आहे. यादी लागली आणि नेमणूक गडचिरोलीला आली तर? नंदुरबारला आली तर? एकुलती एक मुलगी. क्लास नीट चालला तर ती जाणार नाही, इथेच राहील. हे मी तिला सांगत नाही. तिला सिद्धांत सांगतो.

२४ जून, मंगळवार

बोर्ड लावून आठवडा होतोय तोच ग्रामपंचायत ऑफिसचा माणूस दारात! गेणभाऊ. माणूस भला, पण खुर्ची सरकारी. "मनालताईंचा क्लास चाललाय म्हनं. लई झ्याक. परवानगी काढली का?"

कसली परवानगी? तर राहत्या खोलीत धंदा, त्याची एक. बोर्डाची एक. आग विझवायचा सिलिंडर हवा. आणि वर जायला एक जिना आहे, तिथे दोन हवेत!

मी म्हटलं, गेणभाऊ, याच खोलीत याच पोरांनी दिवसभर कॅरम खेळला तर एक जिना पुरतो. त्यांना वर्गमूळ शिकवलं की दोन लागतात का? ते म्हणाले, "कायदा मी केला न्हाई, राव."

आणि आमची कन्या! माझ्या बाजूने उभी राहायची सोडून म्हणते, बरोबरच आहे त्यांचं, आग लागली तर पोरं उतरणार कुठून? संध्याकाळच्या आत सिलिंडर आणलाही. परवान्यासाठी ती उद्यापासून ऑफिसात फेऱ्या मारणार. दुसऱ्या जिन्याला मात्र जागाच नाही, मागे मशिदीची भिंत. गेणभाऊ जाताना हळूच म्हणाले, "जिन्याचं ऱ्हाऊ द्या. कुनाची तक्रार आली न्हाई म्हंजी झालं. आमी काय आपून व्हऊन जिनं मोजत हिंडत न्हाई."

म्हणजे कायदा आहे, पण झोपलेला. असल्या कायद्याची मला जागत्यापेक्षा जास्त भीती वाटते.

३० जून, सोमवार

पहिलीपासून हिंदी — काल मागे घेतलं! आणि मी हिंदी सुलेखनाच्या वह्यांचे गठ्ठे मागवून बसलोय. ठरवायचं तर ठरवा, नाहीतर ठरवूच नका. तुमच्या धरसोडीपायी माझं कपाट का अडवता?

१२ जुलै, शनिवार

क्लास भरभरून चाललाय. जिन्यावर चपलांचा ढीग, चढताना मलाच उड्या मारत जावं लागतं. राजुरीहून रत्ना म्हणून एक बाई मुलीला पाठवतात. स्वतः शेतात राबतात. आज दुकानात थांबून म्हणाल्या, "मॅडमच्या हाताला गुन हाय. पोरगी गनिताचं पुस्तक बघून रडायची. आता घरी आम्हालाच शिकवती."

त्या पोरीच्या शाळेत गणिताचे सर आहेत. पण ते कधी मतदारयादीवर, कधी सर्वेक्षणावर, कधी कसल्या तरी ॲपवर फोटो चढवताना. माणूस नेमायचा शिकवायला आणि शिकवणं सोडून सगळं करून घ्यायचं! रत्नाबाई राबून क्लासची फी भरतात म्हणजे एकाच शिक्षणाला दोनदा पैसे देतात. हे त्यांना समजावून सांगणार होतो. अनवरीने डोळे वटारले.

मनालला म्हटलं, बघ! कोणी सक्ती केली नाही, जीआर काढला नाही, तरी पोरं आली. ती हसली. वाद घातला नाही. आज मला जेवण गोड लागलं.

२१ जुलै, सोमवार

बाळासाहेबांनी त्यांच्या इमारतीतला वरचा हॉल मंचरच्या एका अकॅडमीला भाड्याने दिला. आमच्याच गल्लीत. आमच्यापासून चार दुकानं सोडून!

बाळासाहेब कांद्याचे व्यापारी. रोज सकाळी आमचा चहा एकत्र. सरकारला शिव्या घालण्यात माझा जोडीदार. निर्यातबंदी आली की तो बोलतो, मी माना डोलवतो. वह्या-पुस्तकांचं आलं की मी बोलतो, तो माना डोलवतो. आज चहाला बसल्या बसल्या म्हणाला, "हनीफभाऊ, तुमीच म्हनता ना, स्पर्धा पायजे? घ्या! आली बगा स्पर्धा." आणि गडगडाटी हसला.

मीही हसलो. चहाचे पैसे मी दिले.

२ ऑगस्ट, शनिवार

एसी. घरापासून नेणारी-आणणारी गाडी. भिंतभर फ्लेक्स, त्यावर कुठल्या कुठल्या पोरांचे फोटो — आपल्या तालुक्यातलं एकही तोंड नाही. आणि प्रवेश घेतला की दप्तर फुकट. फुकट दप्तर! मी दप्तरं विकतो हो!

जिन्यावरच्या चपला कमी झाल्यात. आज उडी मारावी लागली नाही.

मनालला म्हटलं, हे काही खरं नव्हे, ही फसवणूक आहे, फ्लेक्स बघून लोक भुलतात, आईबापांना कळत नाही. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "टोमॅटोचं कळतं ना, अब्बा?"

७ ऑगस्ट, गुरुवार

रत्नाबाईंनीही मुलीला काढलं. माझ्याकडे येऊन सांगितलं, वर जायचं धाडस झालं नाही. "गाडी दारात येती, भाऊ. आमच्या उसात बिबट्या फिरतोय, तिन्हीसांजंला पोरीनं फाट्यावरनं चालत यायचं म्हंजी जीव टांगनीला. मॅडमला म्हनावं राग धरू नगा."

माझ्या हिशेबाने बाईंचं शंभर टक्के बरोबर. त्यांच्या पोरीचं भलं त्यांनाच जास्त कळतं, हे मीच आजवर सांगत आलो. पण राग आला. रत्नाबाईंचाच आला. मनालने त्या पोरीला रविवारी वेगळं बसवून शिकवलं होतं, त्याचं काही नाही?

संध्याकाळी मनालला सांगितलं तर ती नुसतं "बरं" म्हणाली. फळा पुसत राहिली. पुसलेलाच पुन्हा पुसत होती.

१३ ऑगस्ट, बुधवार

गेणभाऊंना सहज विचारलं, अकॅडमीने परवानगी काढली का हो? म्हणाले, "अर्ज टाकतू म्हनलेत."

म्हणजे परवाना नाही, सिलिंडर नाही, काही नाही! आणि माझी पोरगी चार फेऱ्या मारून सगळं करते! मग ही स्पर्धा कसली? एकाच्या पायात बेडी घालून दुसऱ्याला मोकळा पळवायचा, ही शर्यत नव्हे. नियम वाईटच आहेत, मी आजही म्हणतो. पण वाईट नियम असलाच तर सगळ्यांना सारखा हवा. यात सिद्धांताला कुठे धक्का लागतो? मला तर कुठे दिसत नाही.

अनवरीला ऐकवलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं."

तिला अर्थशास्त्र कळत नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज कोणी न बोलावता सरकारी ऑफिसात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा.

निनावी तक्रार घेत नाहीत म्हणे. सही करावी लागली. नाव गुप्त ठेवा, असं दोनदा बजावलं. गेणभाऊंनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ह्यात नाव कुटाय? 'आमच्या गल्लीतील काही क्लासेस नियम पाळत नाहीत.' काही म्हंजी कंचे? नाव टाका की."

नाव कसं टाकणार! बाळासाहेबाच्या पोरीच्या लग्नात मी मांडवात उभा राहून पाहुण्यांना जेवू घातलंय. ईदला शीरखुर्म्याचा पहिला डबा त्याच्याकडे जातो. उद्या अर्ज फुटला आणि त्यात त्याच्या इमारतीचं नाव निघालं तर तोंड कुठे लपवू? आपल्याकडे तक्रार अशीच करतात — काही लोक, कोणीतरी, अमुक ठिकाणी. नाव न घेता. ज्याला समजायचं त्याला समजतं.

"समजून घ्या," मी म्हटलं.

"समाजलं," म्हणाले.

मनालला सांगितलेलं नाही. अनवरीलाही नाही. उगाच चर्चा कशाला. काम झालं की पोरं आपोआप परत येतील, आणि पोरगीही जायचं नाव काढणार नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. बाळासाहेबांकडून मोदक आले. खाल्ले. न खाऊन कसं चालेल?

२ सप्टेंबर, मंगळवार

अजून हालचाल नाही! सरकारी काम अन् सहा महिने थांब. बोर्ड लावला तर आठवड्यात दारात आले होते. आता खरं काम सांगितलं तर साहेब रजेवर, गाडी बंदोबस्ताला, शिपाई गणपतीला. यांच्या भरवशावर देश चाललाय! मनालकडे आता पोरांची एकच ओळ उरलीय, तीही तुटकी.

११ सप्टेंबर, गुरुवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

तालुक्याहून पथक आलं. नवे साहेब, या गावात कोणाला ओळखत नाहीत, कोणाचा मुलाहिजा नाही. आधी अकॅडमी. सील. मी गल्ल्यावर बसून बघत होतो आणि — लिहितो खरं तेच — मला बरं वाटलं.

मग ते पुढे सरकले. भागूबाईंचा शिवणक्लास. सील! कोपऱ्यावरचा टायपिंगचा क्लास. सील! मग साहेब माझ्या दुकानापुढे उभे राहिले आणि त्यांनी वर बघितलं.

मी म्हटलं, साहेब, माझ्या पोरीकडे परवाना आहे. मनाल परवाना घेऊन खाली आली. सिलिंडरही दाखवला. साहेबांनी सगळं नीट बघितलं. "दुसरा जिना?"

"जागा नाही, सर."

"मग चालणार नाही."

मी आवाज चढवला. अहो, जो नियम मोडतो त्याला धरा! साहेब शांतपणे म्हणाले, "अर्जात गल्ली लिहिली आहे, काका. एकाला लावलं आणि एकाला सोडलं तर उद्या माझ्यावर अर्ज होईल."

चोर सोडून संन्याशाला फाशी — हे तोंडावर आलं होतं, गिळलं. गेणभाऊ मागे उभे होते. जमिनीकडे बघत होते. मग एकदाच माझ्याकडे बघितलं.

पोरं समीकरण अर्धं सोडून वह्या छातीशी धरून खाली उतरली. सगळ्यात शेवटी मनाल. हातात खडू तसाच. तिनेच मला सांगितलं होतं की जिन्याचा नियम बरोबर आहे म्हणून. दाराला लाख लावत होते आणि ती बाजूला उभी राहून त्यांना जागा करून देत होती.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

गेणभाऊ पेन घ्यायला आले. पेन घ्यायचं नव्हतंच. दुकान रिकामं झाल्यावर म्हणाले, "हनीफभाई, नाव टाका म्हनत व्हतो ना मी. साहेब म्हनत्यात, अर्जदारानं सोता यिऊन तक्रार मागं घेतली तर समद्यांचं सील काढू, जिन्यांना मुदत दिऊ. पन इथं गल्लीत यिऊन जबाब द्यावा लागंल. पंचांम्होरं."

पंच म्हणजे कोण? बाळासाहेब. भागूबाई. म्हणजे ज्यांच्या दाराला सील त्यांच्यापुढे उभं राहून सांगायचं — मी केलं. आणि दुकानाच्या दारात मनाल.

पेनाचे पैसे घेतले नाहीत. त्यांनी बळंच ठेवले.

१४ सप्टेंबर, रविवार

बाळासाहेबाच्या कांद्याच्या गोदामात बैठक. गल्ली झाडून सगळी. भागूबाई रडत होत्या — नवरात्राचे ब्लाउज आत अडकलेत, बायका दारात येऊन बोलतात. अकॅडमीचा माणूस निवांत होता. त्यांनी पोरं गाडीत घालून मंचरला न्यायला सुरुवातही केली. त्यांचं काहीच अडलं नाही!

बाळासाहेब माझ्या शेजारी बसला. पाठीवर हात ठेवला. "कोन असंल हो हनीफभाऊ, ह्यो पोटावर पाय देनारा? माझं भाडं गेलं त्याचं काय न्हाई. पन मनालनं काय केलं व्हतं कुनाचं? समदं नियमानं केलं पोरीनं." त्याचा आवाज जड झाला. माझ्या पोरीसाठी.

मोर्चा काढायचा ठरला. पुढे कोण? सगळे एकदम माझ्याकडे वळले. सरकारविरुद्ध बोलायला हनीफभाईंसारखा माणूस तालुक्यात नाही म्हणे. टाळ्या वाजल्या. मी नाही म्हणालो नाही.

घरी आलो. मनाल तीन दिवस धड जेवलेली नाही. चाचणी परीक्षा आहे, उरलेली पोरं फोन करतात, ती फोनवरच गणितं सांगते आणि फोन ठेवला की भिंतीकडे बघत बसते. अनवरी काही विचारत नाही. फक्त माझ्याकडे बघते. तिला कळलंय की काय?

बस झालं. लाज गेली तर जाऊ दे, बाळासाहेब गेला तर जाऊ दे. पोरीची खोली उघडली पाहिजे. उद्या ऑफिस उघडलं की जातो आणि अर्ज मागे घेतो. पण आधी मनालला सांगतो. दुसऱ्याच्या तोंडून तिला कळायला नको.

१५ सप्टेंबर, सोमवार

टोपी घातली, चप्पल घातली, मनालला हाक मारली. मी तोंड उघडायच्या आधी तीच बोलली. "अब्बा, तुमचंच खरं होतं. मी उगाच सरकारची बाजू घेऊन तुमच्याशी भांडले. यादी लागली तरी मी जाणार नाही. मला त्यांची नोकरीच नको. इथेच राहीन." आणि लहानपणी धरायची तसा माझा हात धरला.

चप्पल काढून ठेवली. मोर्चा गुरुवारी आहे. भाषण मी करणार.